गाठीवरचा हात

“सिस्टर, सगळंच फेकलंत?”

प्रणिताच्या तोंडून निघून गेलं आणि मग तिनं जीभ चावली. नर्सिंगच्या शाळेत एस्तेर सिस्टरांना असं कुणी विचारत नसे.

पण सवाल खोटा नव्हता. कापसाचा एक बोळा जास्त घेतला, तरी याच सिस्टर वर्गासमोर उभं करत. यंदा अभ्यासक्रमात पर्यावरणाचा धडा आला, तेव्हा प्रणितानं दवाखान्यातला कचरा कमी करण्यावर असा तक्ता काढला, की सिस्टरांनी तो स्वतः भिंतीवर लावला. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. आज हौसाआजींच्या पायाचं ड्रेसिंग नीट झालं, की वॉर्डात एकटीनं काम करायची परवानगी मिळणार होती. ती द्यायची सिस्टरांनी.

म्हणून मघाशी तिनं तडफेनं ड्रेसिंगच्या सामानाचं गाठोडं सोडलं होतं. निर्जंतुक कापडावर चिमटे, कापूस, जाळीच्या घड्या मांडल्या. तेवढ्यात आजी हलल्या आणि त्यांची टाच त्या कापडाला लागली.

प्रणितानं ते पाहिलं. पण एवढं सगळं वाया कसं घालवायचं, म्हणून ती तशीच पुढं निघाली होती...

सिस्टरांनी कापूस, जाळी उचलून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. चिमटे उकळायला पाठवले.

“नुसती टाच लागली, सिस्टर.”

“जखमेला सांगून बघ तसं.”

प्रणिताचे डोळे भरून आले. परवानगी तर गेलीच, वर तक्त्याचीही लाज वाटू लागली.

सिस्टरांनी कपाटातून दुसरं गाठोडं आणून तिच्या हातात दिलं. ती घाईघाईनं गाठ सोडू लागली, तोच सिस्टरांनी गाठीवर आपला हात ठेवला.

आणि तसाच ठेवला.

प्रणितानं मान वर केली. सिस्टर तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या आजींकडे बघत होत्या.

...

“आजी,” प्रणिता हळूच म्हणाली, “काही हवंय का तुम्हाला?”

“लघवीला जायचंय गं पोरी. मघापासून कळ काढतेय. तुझी लगबग बघून म्हटलं, हिला कशाला मोडता घालू?”

प्रणितानं गाठोडं बाजूला ठेवलं. आजींना आधार देऊन नेलं, आणलं, पायाखाली उशी सरकवली. कुठल्या कुशीला बरं वाटतं, तेही विचारलं. मग हात धुऊन गाठ सोडली.

आजी तसूभर हलल्या नाहीत. सुनेच्या गाऱ्हाण्यात त्या अशा रंगल्या, की ड्रेसिंग झालं तरी त्यांना पत्ता नव्हता.

बेसिनपाशी सिस्टर एकट्या दिसल्या, तेव्हा प्रणितानं चाचरत विचारलं, “मग... उद्यापासून मी एकटी?”

सिस्टरांनी तिची वाकडी झालेली टोपी सरळ केली.

“एकटी कशी गं? आजी असतील की.”