दोराची गाठ

“तुझ्याच बुडाला भोक पडलंय,” दोर कळशीवर डाफरला. “पाणी पंधरा हातांवर आहे. ही बघ माझी गाठ.”

माणसं अजून विहिरीचं पाणी शेंदायची, तेव्हाची ही गोष्ट. दोराने पंधरा हातांची खूण म्हणून गाठ मारून घेतली होती. ती रहाटाशी आली की तो थांबायचा, आणि कळशी भरायची. वर्षानुवर्षं भरली, त्याची हुशारी मी नाकारत नाही. पण त्या उन्हाळ्यात कळशी तीनदा कोरडी वर आली, आणि काठावर तहानेलं पारडू मान टाकून बसलं होतं.

“भोक असतं तर बूड तरी ओलं असतं,” पोचे पडलेली कळशी म्हणाली. “अजून खाली सोड मला.”

“गाठीच्या खाली विहीरच नाही.”

“गेला होतास बघायला?”

“बघायला कशाला जायचं? मोजलंय मी.”

मग कळशी एकच वाक्य बोलली. दोर सैल झाला, गाठ रहाटावरून खाली सरकली, आणखी चार हातांवर कळशी बुडाली आणि पारडू पोटभर प्यालं. ती म्हणाली होती, “अरे दादा, गाठ तू स्वतःला मारलीस, पाण्याला नाही.”