घाटाची मूठ

पूर्वी समुद्रकाठच्या एका नगरात अरिंदम राजा राज्य करीत होता. त्या जन्मी बोधिसत्त्व सुनंद नावाचा तांडेवाला होता. बैलांवर मीठ लादून तो घाटापलीकडच्या राज्यात नेई.

त्या वर्षी राजाने जकातीचा नवा कायदा केला. कार्तिकी पौर्णिमेपासून प्रत्येक गोणीला नगरातच मातीची मुद्रा लागेल. सीमेवर मुद्रा शाबूत हवी, मालात एक मूठही कमी भरता कामा नये. नाहीतर माल बैलांसकट जप्त. दवंडी ऐकून सगळा बाजार हबकला. सुनंद मात्र रिकाम्या हाताने घाट चढून नाक्यावर गेला आणि जकातदार कालकाला बारीकसारीक विचारून आला. कालक कायद्याला पक्का, पण विचारलं तर नीट सांगणारा.

परतताना घाटमाथ्यावरच्या देवाच्या शिळेपाशी सुनंद थबकला. तांडेवाल्यांची जुनी रीत अशी, की माथ्यावर पोचलं की पुढच्या बैलाची गोणी उसवायची, देवाला मूठभर मीठ वाहायचं आणि गोणी पुन्हा शिवायची. घाटाची मूठ म्हणत तिला. आता ती मूठ मुद्रेआड जाणार होती. म्हणून नगरात आल्यावर त्याने मुद्रा लागण्याआधीच देवाचं मीठ वेगळ्या पुरचुंडीत बांधून घेतलं.

धनुक नावाचा दुसरा तांडेवाला त्याला हसला. सीमेपलीकडे निघालास की सासरी, एवढी कसली तयारी, म्हणाला. सुनंद पुरचुंडीचं सांगू लागला, पण ऐकतोय कोण! धनुक तांडा हाकत पुढे गेलासुद्धा.

सुनंद नाक्यावर पोचला, तर धनुकाचे बैल दावणीला बांधलेले. घाटमाथ्यावर धनुकाचे हात सवयीने चालले होते. गोणी उसवून, मूठ वाहून झाल्यावर त्याला मुद्रा आठवली. सूर्यास्ताला जप्ती होणार होती. वासरापासून वाढवलेल्या बैलाच्या गळ्याला मिठी मारून धनुक रडत होता.

सुनंदाचे गडी मनातून खूश झाले. पलीकडच्या बाजारात आता फक्त आपलंच मीठ. सुनंदाच्याही मनात तो विचार येऊन गेला, खोटं कशाला सांगा. पण धनुकाकडे बघून त्याला भारी वाईट वाटलं. तो कालकाला हाकेवरच्या शिळेपाशी घेऊन गेला. मीठ अजून तिथेच होतं.

"मूठ कमी आहे खरी," तो म्हणाला, "पण ती कुठे गेली ते तुमच्यासमोर आहे. एवढं महाराजांना कळवा."

कालक म्हणाला, कळवतो, पण उत्तर येईतो तितकाच माल तारण लागेल.

"मग माझा तांडा ठेवा. धनुकाला जाऊ द्या."

धनुक गेला, त्याचं मीठ चांगलं खपलं. राजाचं उत्तर आलं, की या खेपेला माफी, आणि यापुढे देवाची मूठ मुद्रेआधी वेगळी काढावी, तिला जकात नाही. सुनंद पलीकडे पोचला तेव्हा बाजार उलगला होता. मिळेल त्या भावाने मीठ विकून तो परतला.

पुढच्या वर्षी धनुक सुनंदाच्या सोबतीने, दोन पुरचुंड्या घेऊन घाट चढला. एक त्याने शिळेवर वाहिली. दुसरी कोणाची, असं गड्यांनी विचारलं.

"ज्याचं मी ऐकलं नाही, त्याची," म्हणत त्याने ती सुनंदाच्या हातात दिली.

संघाच्या नव्या नियमांची आधीपासून तयारी करणाऱ्या सोबत्याला हसलेल्या भद्रक भिक्षूला ही कथा सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धनुक म्हणजे हा भद्रक, जकातदार कालक म्हणजे आनंद, आणि सुनंद मीच होतो. आपल्याला हसणाऱ्याचंही ओझं उचलावं, ही मैत्री पारमिता."