ठकाजीने दिलेली परवानगी

एका गावात एक भोळा गडी होता, आणि गावाने नेमकं त्यालाच कॉम्प्युटरवर बसवलं होतं.

गावाचं नाव कुरणवाडी. भोळ्याचं नाव ठकाजी. बारशाला त्याच्या आत्याने जरा विचार करायला हवा होता, कारण ठकाजीने जन्मात कुणाला ठकवलं नाही. तेवढी अक्कल त्याच्याकडे नव्हतीच. त्याच्याकडे एकच गुण होता. सांगितलेलं तो विसरत नसे. गावाला हा गुण फार आवडायचा. पुढे आवडेनासा झाला.

कुरणवाडीच्या दूध संस्थेत दूध गार ठेवायची मोठी टाकी होती. तिला सगळे कूलर म्हणत. संध्याकाळी गावाचं दूध तिच्यात पडायचं आणि सकाळी दूध संघाचा टँकर येऊन घेऊन जायचा. कूलर, वजनकाटा, लोकांना दूध घालायला बोलावणारा भोंगा, सगळं कोपऱ्यातल्या सर्व्हरवर चालायचं. तालुक्याहून कॉम्प्युटरची कामं बघणाऱ्या रेवतीताईंनी तो बसवून दिला होता. त्याला हुकूम टाइप करून द्यावा लागे, आणि ठकाजी एकेक अक्षर शोधेपर्यंत दुधाचं दही व्हायची वेळ येई. म्हणून ताईंनी त्याच्यासाठी एक वेबपेज बनवलं. पेजवर नुसती बटणं. कूलर चालू, कूलर बंद, काटा, भोंगा.

"बटण दाबायचं, बस्स," ताई म्हणाल्या.

"बरं," ठकाजी म्हणाला.

संध्याकाळी दूध जमलं. त्याने 'कूलर चालू' दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: परवानगी नाही.

ठकाजीने हात मागे घेतला. परवानगी नाही म्हणजे नाही. आईने त्याला तसंच वाढवलं होतं. तो हाताची घडी घालून बसून राहिला. सकाळी टँकरबरोबर संघाचे साहेब आले, टाकीत डोकावले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "पुन्हा दूध नासलं, तर टँकर कुरणवाडीला येणार नाही!"

टँकर आला नाही तर दूध घालायचं कुठे? डोंगर उतरून किटल्या नेईपर्यंत वाटेतच पनीर व्हायचं. संस्थेचे चेअरमन हणमंतअण्णा तडक ठकाजीकडे वळले.

"ठक्या, परवानगी नाही म्हटल्यावर गप्प बसतोस होय रे? अडलं की आधी ताईंना विचारायचं!"

"बरं," ठकाजी म्हणाला.

त्याने लगेच फोन लावून विचारलं. ताई हसल्या.

"अहो ठकाजीभाऊ, चूक माझीच. ते पेज सर्व्हरच्या घरात पाहुण्यासारखं आहे. पाहुणा ओसरीवर बसतो, चुलीला हात लावत नाही. त्याला कूलरची परवानगी द्यायची राहिली. आज मी इथूनच चालू करते, उद्या फोनवर तुम्हाला सांगते कशी द्यायची ते."

त्या संध्याकाळी कूलर छान चालला. पण दूध भरताना टाकीची नळी निसटली आणि दूध फरशीवर वाहायला लागलं. ठकाजीने नळीकडे पाहिलं. त्याला अण्णांचं आठवलं. अडलं की आधी विचारायचं.

ताईंचा फोन दुसऱ्या कॉलवर होता. ठकाजी थांबला. दूध उंबरा ओलांडून पायऱ्या उतरलं. गावातली मांजरं जमली. शेजारच्या वस्तीवरचीही आली. मग फोन लागला.

"ताई, जेवलात का?"

"जेवले. काय झालं?"

"काही नाही, आधी विचारावं म्हटलं. नळी निसटलीय. धरू का?"

ताईंच्या किंकाळीलाच होकार समजून त्याने नळी धरली. निम्मं दूध वाचलं. मांजरं मात्र पुढे दोन दिवस कुणाच्या घरी गेली नाहीत.

"असल्या कामाला विचारत बसतात का रे?" अण्णा कडाडले. "इथून पुढे विचारणं नको नि अडवणं नको. परवानगी देऊन मोकळा हो!"

"बरं," ठकाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी फोनवरून सांगत सांगत त्याच्याकडून परवानगीची खिडकी उघडून घेतली. तिच्यात रिकामे चौकोन होते. कुणाला? कशाची? ताई पुढचं सांगणार तेवढ्यात रेंज गेली. कुरणवाडीत रेंज अशीच, पाव्हण्यासारखी यायची आणि चहा न घेता जायची. ठकाजीने विचारलं नाही, अडवलं नाही. पहिल्या चौकोनात लिहिलं, सगळ्यांना. दुसऱ्यात लिहिलं, सगळ्याची. मग 'कूलर चालू' दाबलं. कूलर घुमायला लागला! आता हसू नका. शहरातली शिकली-सवरलेली माणसंही वैतागली की हेच करतात, आणि चाललं म्हणून पेढे वाटतात.

पण आता पेज ज्याच्या त्याच्या मोबाइलवर उघडायला लागलं, आणि बटणं ज्याच्या त्याच्या हुकमात आली. सरपंचांच्या सूनबाईंनी भोंगा वाजवून नवऱ्याला जेवायला बोलावलं. भोंगा ऐकून अख्खं गाव किटल्या घेऊन धावलं. काट्याशी कुणी काय खेळ केला कोण जाणे, पारूआजीच्या शेळीने म्हशीपेक्षा जास्त दूध दिलं. आजीने शेळीची दृष्ट काढली. समोरच्या तुळशीरामला कूलरची घरघर सहन होईना, त्याने तो बंद केला. त्याच्या भावाशी त्याचं भांडण होतं, म्हणून भावाने चालू केला. चालू, बंद, चालू, बंद. कूलरला धाप लागली.

सकाळी साहेबांनी दुधाचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"आजचं नेतो कसंबसं. पण ही शेवटची संधी, चेअरमन!"

अण्णांचं तोंड उतरलं. इतकी वर्षं मिशीला पीळ देणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी ताईंना फोन लावून ठकाजीच्या कानाला धरला.

"ठकाजीभाऊ!" ताई रडायच्या बेतात होत्या. "सगळ्यांना सगळ्याची परवानगी देतात होय? आधी लिहिलेलं पुसा. एकालाच द्यायची, आणि लागेल तेवढ्याच एका कामाची. पेजला द्या, कूलरची. बाकी कुणी कितीही मागितलं तरी काही द्यायचं नाही. मी सुद्धा मागितलं तरी नाही!"

"एकाला, एका कामाची. बाकी कुणाला नाही. बरं," ठकाजी म्हणाला.

त्याने खिडकी उघडली. जुनं पुसलं. कुणाला? पेजला. कशाची? कूलर चालू करायची. 'बंद करायची' असंही लिहिता आलं असतं, पण ते दुसरं काम झालं असतं.

संध्याकाळी कूलर चालू झाला. तुळशीरामला बंद करता येईना, भावाला भांडता येईना. भोंगा गप्प, शेळी पुन्हा शेळीएवढीच. दूध हवं तेवढं गार झालं तेव्हा ठकाजीने 'कूलर बंद' दाबलं. लाल अक्षरं आली: परवानगी नाही.

ती अक्षरं बघून त्याला पहिल्यांदाच आनंद झाला.

"शाब्बास," तो सर्व्हरला म्हणाला. "तुलाही कळलं." आणि तो घरी भाकरी खायला गेला.

सकाळी अण्णांनी टाकीची तोटी उघडली. काही आलं नाही. झाकण काढलं. आत दूध होतं, पण ते आता ओतायचं राहिलं नव्हतं, फोडायचं झालं होतं. अण्णांनी वाजवून पाहिलं. टक टक. ते मेन स्विचकडे धावले, तर ठकाजी हात पसरून आडवा.

"अण्णा, तुम्हाला परवानगी नाही."

अण्णांनी चेअरमनला न शोभणारा एक शब्द वापरला, त्याला ढकललं आणि स्विच पाडला. तेवढ्यात टँकर फाटकातून आत आला. साहेब उतरले. त्यांनी टाकीत पाहिलं. रुमाल काढला, पण नाकाला लावायची गरज नव्हती, म्हणून कपाळ पुसलं.

"साहेब, नासलेलं नाही हो," अण्णा हात जोडून म्हणाले. "नुसतं गोठलंय. वितळेपर्यंत थांबा."

"मला वेळ नाही! उद्यापासून टँकर येणार नाही, हे माझं शेवटचं!" साहेब टँकरमध्ये चढले. टँकर वळला आणि फाटकाशी थांबला. टँकर आत येताच फाटकाला आतून कुलूप दाबून लावलेलं होतं. समोर ठकाजी उभा होता.

"फाटक उघड!"

"परवानगी नाही, साहेब. टँकरला आत यायची आहे. बाहेर जायची कुणी दिलीच नाही. एकाला एकच काम."

"ठक्या, किल्ली दे!" अण्णा ओरडले.

"कुणी मागितलं तरी द्यायचं नाही, ताईंनी सांगितलंय."

अण्णांनी ताईंना फोन लावला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठकाजीला द्यायला लावला. "ठकाजीभाऊ, मी हात जोडते! माझे सगळे शब्द मागे घेतले. आता परवानगी आहे. किल्ली द्या!"

"मग देतो की, ताई," ठकाजी म्हणाला. "पण जरा थांबावं लागेल. कुणाच्या हाती लागू नये म्हणून काल संध्याकाळीच मी ती दुधात टाकलीय."

सगळे टाकीकडे बघत राहिले. साहेब सावकाश खाली उतरले आणि टँकरच्या पायरीवर बसले. ठकाजीला त्यांची दया आली.

"साहेब, उद्या टँकर येणार नाही म्हणालात, ते खरंच आहे," तो समजूत घालत म्हणाला. "जाणारच नाही, तर येणार कुठून?"