कुत्रा, शेळ्या आणि मानेतली कळ

मुलांनो, डोंगरातल्या एका दाट जंगलाला लागून हौसाबाईचे घर होते, आणि त्या घराच्या पडवीत एक पिवळा कुत्रा राहत असे. हौसाबाई एकटीच होती. जंगलातला हिरडा गोळा करायचा, वाळवायचा आणि डोंगरापलीकडच्या बाजारात विकायचा, हा तिचा उद्योग. कुत्रा दिवसभर मोकळा हिंडे. वाटेवरच्या शेळ्यांना हुंगे, परक्या कुत्र्यांशी खेळे. तो कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता.

त्या वर्षी जंगलात बिबट्या आला. शेजारच्या पाड्यावरचे दोन कुत्रे त्याने उचलून नेले, तेव्हा हौसाबाईने आपल्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि त्याला दोरीनेच वाटेवर नेऊ लागली. पहिल्याच दिवशी समोरून शेळ्या आल्या. कुत्रा नेहमीसारखा हुंगायला पुढे झाला. हौसाबाईने घाबरून दोरी खसकन ओढली. कुत्र्याच्या मानेत कळ आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेळ्या आल्या आणि पुन्हा कळ आली. मग एक काळा कुत्रा भेटला, तेव्हाही तेच. कुत्रा गोंधळून गेला. ‘या शेळ्या माझ्याजवळही येत नाहीत. मग त्या दिसल्या की माझी मान का दुखते?’ पुष्कळ विचार करून त्याला एकच उत्तर सापडले : शेळ्याच काहीतरी करत असल्या पाहिजेत. तेव्हापासून शेळी दुरून दिसली तरी तो दात विचकून भुंकू लागला. तो भुंकला की हौसाबाई आणखी जोराने ओढी.

त्याने आपले दुःख कोल्ह्याला सांगितले. कोल्हा म्हणाला, “तुझे नुसते भुंकणे कमी पडते. सरळ अंगावर धावून जा. मग शेळ्या त्या वाटेला फिरकणारच नाहीत.” शेळ्या उधळल्या की एखादे करडू आपल्याला मिळेल, हा त्याचा बेत होता. कुत्र्याला तो कळला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने अशी झेप घेतली, की शेळ्या चहूकडे पांगल्या, कोल्ह्याने एक करडू पळवले आणि हौसाबाई दगडावर आपटून तिचे उजवे मनगट मोडले.

शेळ्यांचा मालक भागूजी संतापून दारात आला. “मावशी, ह्ये जनावर खुळावलंय. उद्या कुणाच्या पोराला चावंल. म्हाकू धनगराकडं देऊन टाक. त्यो खांबाला बांधून ठेवंल.”

“मलाच काय कळंना रं,” हौसाबाई म्हणाली. “घरात गाईवानी गरीब असतोय. वाटंला लागला की ह्याच्यात काय शिरतंय?” पण पडल्यापासून तिला त्याची भीती वाटत होती. ती कबूल झाली.

ते सगळे छपरावरच्या कावळ्याने ऐकले. तो कुत्र्याला म्हणाला, “मी वरून रोज पाहतो. शेळ्या तुला शिवतसुद्धा नाहीत. दोरी ओढते ती तुझी बाई.”

“काहीतरीच बोलू नकोस!” कुत्रा म्हणाला. “ती मला भाकरी घालते. ती कशी दुखवील?” पण त्याच्या डोक्यातला गुंता आणखीच वाढला.

सकाळी हौसाबाई त्याला घेऊन म्हाकूकडे निघाली. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात दोरी. लांबून शेळ्या येताना दिसल्या. या हाताने कुत्रा आवरणार नव्हता. म्हणून ती आधीच वाट सोडून दूर एका जांभळीखाली जाऊन उभी राहिली आणि कुत्रा गुंतून राहावा म्हणून ओच्यातली चिमूटभर सुकट त्याच्यापुढे टाकली. कुत्र्याने शेळ्या पाहिल्या, मान आखडली आणि कळ यायची वाट पाहिली. कळ आली नाही. नाकात सुकटीचा वास आला. हे काय आक्रीत? तो शेळ्यांकडे पाही, सुकटीकडे पाही आणि खाऊन टाकी.

पुढे दुसरा कळप आला, तेव्हाही तसेच झाले. तिसऱ्या कळपाच्या वेळी कुत्र्याने शेळ्या पाहिल्या, आणि न भुंकता मान वळवून हौसाबाईच्या तोंडाकडे पाहिले. हौसाबाई दोरीकडे बघत राहिली. दोरी सैल लोंबत होती.

“म्हंजी इतके दिस मीच तुला भुंकायला लावत हुते व्हय?” ती हळूच म्हणाली.

म्हाकू अंगणात वाट पाहत होता. “आणलंस का गं त्याला?”

“न्हाई रं बाबा,” हौसाबाई म्हणाली. “आज नुसतीच फिराय आले.”

मग रोज तसेच सुरू झाले. आधी पुष्कळ लांबून, मग थोडे जवळून. एकदा वळणावर शेळी अचानक समोर आली आणि कुत्रा पुन्हा धावून गेला. हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. तरी तिने हिसका दिला नाही. त्याला घेऊन ती मागे वळली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लांबून सुरुवात केली. असे दोन महिने गेले.

एके दिवशी ओढ्यावरच्या अरुंद साकवावर, अगदी मधोमध, समोरून एक पांढरा कुत्रा आला. बाजूला सरायला जागाच नव्हती. पिवळ्या कुत्र्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले.

“तू मला चावणार आहेस का?” पांढऱ्याने अंग चोरून विचारले.

“मला वाटले, तू मला दुखवणार आहेस,” पिवळा म्हणाला. “पण दुखत तर काहीच नाही. असे का, ते मला अजून समजलेले नाही.”

“चल रं माझ्या राजा,” हौसाबाई म्हणाली. दोरी सैलच होती. दोन्ही कुत्रे एकमेकांना घासून पलीकडे गेले.

तात्पर्य : भ्यालेल्याला हिसका दिला तर त्याची भीतीच वाढते; त्याला थोडे अंतर आणि थोडा वेळ दिला, तर तो स्वतःला आवरायला शिकतो.