बॉनेटवरचा ओरखडा

एका गावात शिवराम हुपरीकर नावाचे एक गृहस्थ एकटेच राहत असत. उभा जन्म त्यांनी कापड गिरणीत तपासनिसाची नोकरी केली. तुटका धागा, गाठ, डाग हुडकायचा आणि ठाण बाजूला काढायचं. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. आमटीतलं मीठ असो, सुनेचं बोलणं असो, त्यांना खोट दिसे, आणि ती बोलून दाखवल्याशिवाय घास उतरत नसे. मुलगा-सून वेगळी राहू लागली. पारावरच्या मंडळींनी आधी विषय बदलला, मग पारच बदलला.

घर खायला उठू लागलं, तसा शिवरामपंतांनी गाडीत जीव गुंतवला. गडद निळी गाडी. पॉलिश करायचं विजेवरचं मशीन त्यांनी घरीच आणलं. दर रविवारी अंगणात त्याची घरघर सुरू होई. समोर गाड्या रंगवणारा रसूल मिस्त्री राही. तो म्हणे, "काका, दर आठवड्याला मशीन मारू नका." यावर शिवरामपंत त्यालाच त्याच्या कामातल्या चार चुका ऐकवत.

न चुकता येणारं एकच माणूस आता उरलं होतं, धाकटी बहीण वत्सला. दसऱ्याला ती गाडीची पूजा करायला येई आणि भाऊबीजेला ओवाळायला. दोन एसट्या बदलून.

त्या दसऱ्याला तिने बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. झेंडूचा हार घालताना तिची बांगडी घासली आणि केसाएवढा ओरखडा उठला. तो दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

"वत्सले, बांगड्या काढून ठेवायला काय झालं होतं तुला?"

"सणादिवशी सवाशिणीला असं बोलू नये रे दादा," ती हळूच म्हणाली. "बरं, चहा टाकू का दोघांना?"

"आधी हे काढतो."

त्यांनी हार उचलून बाजूला ठेवला आणि मशीन लावलं. फोमची चकती फिरली. स्वस्तिक फिसकटलं, चकती लाल झाली. वत्सला काहीतरी म्हणाली, पण मशीनच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. मग ती स्वतःच तांब्याभर पाणी घेऊन प्याली आणि पिशवी उचलून स्टँडकडे चालू लागली.

ओरखडा गेला, पण पंतांचं समाधान होईना. मशीन त्याच जागी गरगरत राहिलं. रंग तापला, जळाला आणि तळहाताएवढा पांढरट डाग उघडा पडला. पंत धावत रसूलकडे गेले.

"मशीन रंगाला चकाकी लावत नसतंय काका," रसूल म्हणाला. "वरचा पापुद्रा खरवडतंय, म्हणून ते चकाकतंय. दर खेपेला रंग पातळ होतोय. केसाएवढा ओरखडा तसाच सोडून द्यायचा असतोय."

"मग आता?"

"रंगवून देतो की. गाडीचं काय, चार दिवसांचं काम."

गाडी नव्यासारखी होऊन आली. भाऊबीजेला पंतांनी कधी नव्हे तो स्वतः पाट मांडला, भोवती वेडीवाकडी रांगोळी काढली, आणि त्या रांगोळीला नावं ठेवली नाहीत. पहिली एसटी आली, दुसरी आली, वत्सला काही आली नाही. दुपारी फोन वाजला.

"यंदा जमत नाही रे दादा. जप स्वतःला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत तरी घालता आली असती. "माझं चुकलं" हे शब्द पंतांच्या ओठांवर येईपर्यंत फोन बंद झाला होता. शेजारच्या घरात बहिणी भावांना ओवाळत होत्या, हसण्याचा आवाज येत होता. पंत रिकाम्या पाटाजवळ बसून राहिले, आणि त्यांना रडू आवरेना.

तात्पर्य: आपल्या माणसाची बारीकशी चूक पोटात घालावी, ती घासून काढायला गेलं, की चुकीबरोबर माणूसही जातं.