पोट भरणारा रस्ता

एका जंगलात एक सिंह राजा होता. त्याने आयुष्यात कधी गवत खाल्ले नव्हते. म्हणून गवताविषयीचे निर्णय तोच निःपक्षपातीपणे घेऊ शकतो, असे सगळे मानत. मी बराच विचार केला. यात चूक नेमकी कुठे आहे ते सांगणे अवघडच आहे.

एकदा त्याने सगळे कुरण कापून नव्या घाटरस्त्याखाली पुरायला लावले. या रस्त्यावर चालले की गवताचा कस खुरांतून आपोआप पोटात चढणार होता. उद्घाटनाला कोल्हा प्रधान म्हणाला, "मित्रहो, थांबून चरणारी जंगलं मागे पडली! आजपासून तोंडाला सुट्टी!"

टाळ्या पडल्या. चरण्यावर बंदी आली.

चिंधी नावाची गाढवीण मिठाच्या गोणी घेऊन घाट चढू लागली. घरी तिचे शिंगरू अंगावर पीत होते. पोटात काही गेले नाही तर तिचे दूध आटणार होते.

अर्ध्या घाटात तपासनीस लांडगा उभा होता.

"दादा, अजून काही चढलं नाही हो पोटात."

"हळू चालतेस, मावशी."

ती धावली.

"आता फार जोरात गेलीस. खुरांना घ्यायला वेळ नको?"

"मग चालू तरी कसं?"

"बरोबर मधोमध. चारही खूर एका रेषेत."

"जमतं का कुणाला?"

"मांजरीला जमतं. तिची काही तक्रार आलेली नाही."

चिंधी एका रेषेत चालू लागली आणि तोल जाऊन आडवी झाली. रिकाम्या पोटातून मोठा आंबट ढेकर आला.

"ढेकर दिला!" लांडगा ओरडला. "पोट भरलं!"

कोल्हा धावत आला. पहिली तृप्त लाभार्थी म्हणून तिच्या गळ्यात झेंडूचा भलामोठा हार पडला.

"कसं वाटतंय, ताई?"

चिंधीला बोलता येईना. ती हार खात होती.

"गहिवरल्या आहेत," कोल्ह्याने जमावाला सांगितले.

त्या रात्री शिंगराला दूध मिळाले. सरकारने ते रस्त्याच्या यशात धरले.

सकाळी घाटात रीघ लागली. म्हशी, घोडे, शेळ्या, जो तो आडवा पडून ढेकर देई आणि मान पुढे करी. एवढी तृप्ती राज्यात पूर्वी कुणी पाहिली नव्हती. राजाने ती गुहेच्या तोंडाशी उभे राहून पाहिली, डोळे पुसले, आणि यापुढे हार प्लास्टिकचे आणावेत असा आदेश काढला.