बिनदाराचा नगारखाना

घाटावरच्या या दगडी नगारखान्याला दार नाही. चौकट आहे, बिजागऱ्यांची भोकं आहेत, दार तेवढं नाही. पाहुणे विचारतात, चोरीला गेलं का? गावाने काढलं. त्याची हकिगत अशी सांगतात.

नदीपात्रात तो काळा दगडी हत्ती आहे ना, त्याच्या कानाला पाणी लागलं की नागू गुरवाने इथे नगारा वाजवायचा आणि गावाने टेकडी चढायची, असा रिवाज होता. एका श्रावणात पाणी दोनदा कानाला लागलं आणि दोन्ही वेळा ओसरलं. दुसऱ्या खेपेला सुभानराव पाटलांकडे लेकीच्या मुलाच्या बारशाची पंगत बसली होती. व्याही भरल्या ताटावरून उठून चिखल तुडवत टेकडीवर गेले. वरून पाहतात, तर नदी मुकाट्याने उतरत होती. गाव बुडालं नाही याचा पाटलांना फार संताप आला, म्हणे.

"बैस आठ दिवस आत," ते नागूला म्हणाले, "वाजव किती वाजवायचं ते." बाहेरून कुलूप लागलं, किल्ली पाटलांच्या कमरेला गेली. इशारा देणाराच कोंडला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल, तरी पाटलांना सांगणार कोण?

तिसऱ्या दिवशी सकाळी नागूला झरोक्यातून दिसलं की हत्तीचा कान गेला, मग माथाही गेला. तो नगारा बडवत सुटला. पारावर हशा पिकला.

"गुरव तापलाय!"

"भाकरी पोचली नसेल रे."

त्याची बायको ठकू पाटलांकडे धावली. "नवरा तुझा," पाटील म्हणाले, "तू असंच म्हणणार."

दुपारी नागूने हात थांबवला. सकाळपासून कान किटलेल्या गावाला ती शांतता सोसेना. "दमलास काय?" म्हणून खिजवायला पाटील घाटाशी आले, तर पायऱ्याच नव्हत्या. पाणी नगारखान्याच्या उंबऱ्याला भिडलं होतं. पाटील मागे फिरले ते थेट टेकडीकडे पळाले. त्यांच्या मागे गाव पळालं. किल्ली कमरेलाच राहिली.

पळणारी माणसं दिसताच नागूने पुन्हा टिपरी उचलली. शिवारात राहिलेले लोक त्या आवाजावर टेकडीला लागले. वर ठकूने पाटलांपुढे हात केला, "द्या किल्ली." त्यांनी दिली. तोवर टेकडी आणि घाट यांच्यामध्ये नुसतं पाणी होतं. नगारा दिवस मावळेपर्यंत ऐकू येत होता, असं सांगतात. गावातलं दुसरं कुणी दगावलं नाही.

पूर ओसरल्यावर ठकूने स्वतः कुलूप काढलं आणि गावाला दार उखडून नदीत टाकायला लावलं.

आजही श्रावणात आभाळ निरभ्र असलं तरी नगारा वाजतो आणि गाव टेकडी चढतं. पाणी कुठे आहे, असं विचारायची पद्धत नाही. पूर आला नाही, तर गुरवाला नारळ आणि धोतरजोडी मिळते. आला, तर द्यायला वेळ नसतो. शेवटचं माणूस वर पोचेपर्यंत पाटलांच्या घरचा कर्ता पुरुष या खोलीत एकटा बसतो. दार नाही, कुलूप नाही, तरी आजवर एकही पाटील आधी उठलेला नाही. वरून ठकूच्या घरची सून हात उंच करते. त्या हातात ती गंजलेली किल्ली असते. ती दिसली की मगच तो बाहेर पडतो.